उपग्रहाला शेत हिरवं दिसलं, आता लेकीला काय सांगू?

पत्र

ताई, नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातला शेतकरी. साडेचार एकर रान, सोयाबीन-तूर, विहिरीवर थोडी हळद. मोठी लेक यंदा बारावी सायन्स पास झाली. गणित आणि फिजिक्समध्ये चांगली आहे. चांद्रयान उतरलं तेव्हा ती दहावीत होती. शाळेत संध्याकाळी टीव्ही लावला होता, तवापासून डोक्यात एकच, अवकाशातलं काहीतरी शिकायचं.

माझं डोकं चालंना. मागच्या सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात गेलं, शेंगांना मोड आले. विम्याचं विचारायला गेलो तर म्हणले, तुमच्या मंडळाचं उत्पादन उपग्रहावरून चांगलं दिसतंय. म्हणजे ज्या उपग्रहानं आमचं वाटोळं केलं त्याच्याच मागं पोरगी लावू का? पुण्याचा भाचा म्हणतो, मामा, आता सगळं एआय करणार, फिजिक्स शिकून काही होत नाही. आणि पन्नास वर्षांनी पैशेवाले मंगळावर जातील, आपण हितंच. माझी आई म्हणते, स्थळ बघा. पोरगी गप्प झालीय.

एक एकर विकून शिकवू का? आमच्यासारख्याच्या पोरीला यात जागा आहे का? आणि पुढं खरंच काय होणार आहे?

— एक बाप

उत्तर

दादा, नमस्कार.

पत्रात प्रश्न बरेच विचारलेत, पण राग एकाच ठिकाणी आहे, त्या उपग्रहावर. आधी त्याचंच बघू. लेकीचं उत्तरही मला तिथेच सापडलं.

उपग्रहाला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. पण त्याला काय दिसतं आणि कधी दिसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. उदाहरणाला युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह घ्या, कारण त्यांची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. दर पाच दिवसांनी ते त्याच जागेवरून जातात. त्यांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर भरतो, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. तुमचं साडेचार एकर रान त्याला साधारण १८० ठिपक्यांचं दिसतं. प्रत्येक ठिपक्यातून लाल प्रकाश किती परत आला आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश किती परत आला, एवढं तो मोजतो. जोमदार हिरवं पान लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि अवरक्त परत फेकतं. त्या दोन मापांच्या हिशेबातून एक आकडा निघतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. आकडा मोठा म्हणजे पानोरा दाट. शेंगेत दाणा भरलाय का, हे त्याला कळत नाही.

आता सोयाबीनचं तुम्हाला मी काय सांगावं, पण या आकड्याच्या बाजूनं एकदा बघा. जुलै-ऑगस्टात रान हिरवंगार असतं, आकडा चढतो. पीक पक्व होताना पान पिवळं पडून गळतं, आकडा उतरतो. हे भरघोस पिकातही होतं आणि वाया गेलेल्या पिकातही. म्हणजे काढणीच्या तोंडावर पाऊस बसला, शेंगेत मोड आले, दाणा काळा पडला, तर तो तोटा हिरवेपणाच्या आकड्यात उमटतच नाही. हंगामभर चांगलं दिसलं, एवढीच नोंद मागे राहते. त्यात ज्या दिवसांत रान बुडतं त्याच दिवसांत वर ढग असतात, आणि हा उपग्रह ढगाखालचं बघू शकत नाही. वापसा नसल्यानं खुरपणी राहिली आणि तण माजलं, तर तेही हिरवंच. आणि तुमच्याकडची खास गोष्ट म्हणजे तूर. सोयाबीन काढून खळ्यावर आलं तरी त्याच गुंठ्यात तुरीच्या ओळी उभ्या असतात. वरून बघणाऱ्याला रान जिवंत आहे.

यात आणखी एक गाठ आहे आणि तिच्याशी उपग्रहाचा काही संबंध नाही. पीकविमा महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरतो. ओढ्याकाठचा तुमचा तुकडा बुडाला आणि माळावरच्यांचं तरलं, तर सरासरी तुमच्या बाजूनं बोलत नाही. नुसत्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे ठरावीक तुकड्यांतलं पीक कापून वजन करण्यावर, सगळं चालायचं तेव्हाही हे असंच होतं. उपग्रह आल्यावर फक्त भांडायला समोर माणूस उरला नाही, हा फरक. हा फरक लहान नाही, हे मी मान्य करते.

पण म्हणून उपग्रह वाईट असं मी म्हणणार नाही, कारण ढगाखालचं बघणारेही उपग्रह आहेत. रडारवाले. ते स्वतःच्या लहरी खाली सोडतात आणि परत येणाऱ्या लहरी मोजतात. त्यांना ढग आडवा येत नाही, रात्रही आडवी येत नाही. साचलेलं पाणी सपाट असतं, लहरी पलीकडे उडवून लावतं, म्हणून चित्रात ते काळं दिसतं. मातीतली ओल आणि पिकाचा उभार यांचाही त्यातून अंदाज येतो. इस्रोनं १४ फेब्रुवारी २०२२ला असाच ईओएस-०४ सोडला. त्यानंतर ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, इस्रो आणि नासा दोघांचा मिळून. त्याच्यावर १२ मीटर व्यासाची जाळीदार छत्री उघडते, आणि दर बारा दिवसांत पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन तो दोनदा बघतो. जमीन काही सेंटिमीटर सरकली, खचली, तरी त्याला ओळखू येतं. भूकंपाचे धक्के तुमच्या जिल्ह्याला नवीन नाहीत, त्यामुळे याचं महत्त्व तुम्हाला जास्त सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते. तो काळा डाग नेमका कशाचा? बुडालेल्या सोयाबीनचा, शेततळ्याचा, की नदीच्या फुगवट्याचा? एवढ्या सगळ्या चित्रांतून हे निवडायला माणसं पुरत नाहीत, म्हणून हे काम संगणकाला शिकवतात. भाचा ज्याला एआय म्हणतो ते हेच. आणि संगणक शिकतो कशावरून? कुणीतरी रानात उभं राहून, इथे अमुक तारखेला सोयाबीन होतं, इतकं पाणी होतं, दाणा असा होता, अशी नोंद केलेली असते त्यावरून. या धंद्यातले लोक त्याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. सलग एकाच पिकाच्या रानांवर शिकवलेलं मॉडेल मराठवाड्यात आणलं, तर सोयाबीनमधली तूर त्याला कळणार नाही. चूक यंत्राची दिसते, पण ती असते शिकवणाऱ्यांच्या यादीत कुणाचं रान नव्हतं याची.

वर यंत्र सोडणारी हुशार माणसं आपल्या देशात पुष्कळ आहेत. खाली आलेला आकडा बघून, "थांबा, आमच्याकडे ऑक्टोबरात तूर उभी असते, हे चुकलंय," असं म्हणणारं माणूस त्या खोलीत फार कमी वेळा असतं. तुम्ही विचारलंत आमच्यासारख्याच्या पोरीला यात जागा आहे का. माझ्या मते नेमकी तीच जागा रिकामी आहे. ज्या उपग्रहानं वाटोळं केलं त्याच्या मागं लेक लावू का, असं तुम्ही म्हणता. मी म्हणते, लावाच. त्याला जाब विचारता येईल असं तुमच्या घरातलं कुणीतरी तिथं असू द्या.

भाच्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. नकाशावर बसून रस्ते, विहिरी, बांध गिरवायचे, स्कॅन केलेल्या कागदावरचे आकडे भरायचे, अशी कामं करून जीआयएसवाल्या, म्हणजे संगणकावर नकाशे करणाऱ्या पोरांनी बरीच वर्षं पगार घेतला. ही कामं यंत्र झपाट्यानं घेतंय, आणि घेणारच. म्हणून शहरात गल्लोगल्ली पाट्या लागलेल्या सहा महिन्यांच्या कोर्सला लेकीला घालू नका. तिथं कुठलं बटण दाबायचं ते शिकवतात, आणि बटण दाबायला आता माणूस लागत नाही. उलट लाल आणि अवरक्त प्रकाशात पान वेगळं का वागतं, लहर पाण्यावरून का उडते, आकड्यात चूक किती असू शकते, हे ज्याला मुळातून कळतं त्याची गरज वाढतेय. म्हणजे फिजिक्स आणि गणित. भाच्यानं नेमकं तेच शिकू नको म्हणून सांगितलं, गंमत आहे.

मंगळाचं मात्र त्याला माझ्याकडून सांगा, की तिथं जाऊन बसणं हा काही पळून जायचा मार्ग नाही. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्या हवेच्या एक टक्काही भरत नाही, आणि आहे ती हवा बहुतेक सगळी कार्बन डायऑक्साइड. सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. मातीत पर्क्लोरेट नावाचे विषारी क्षार. जायला सात-आठ महिने, आणि निघायची सोयीची वेळ साधारण सव्वीस महिन्यांतून एकदाच येते. माणसं कधीतरी तिथं पाय ठेवतील, मला तरी शंका नाही. पण वस्ती करून सुखानं राहणं ही वेगळी गोष्ट. आपला अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहून आला, तेव्हा तिथं त्यानं मूग आणि मेथी रुजवून बघायचा प्रयोग केला. तुमच्या शेंगांना मोड आले म्हणून तुम्ही रडकुंडीला आलात, आणि तिकडे मुगाला मोड यावेत म्हणून शास्त्रज्ञ जिवाचं रान करत होते. अवकाशातली शेती सध्या इथवर आली आहे.

त्या खटाटोपातून आपल्या पदरात काय पडतं ते मला जास्त मोलाचं वाटतं. त्याच अवकाश स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतलं ९८ टक्के पाणी परत पिण्याजोगं करता येतं, असं नासानं २०२३मध्ये जाहीर केलं. ते यंत्र आज कुठल्या गावाला परवडणारं नाही. पण टँकरची वाट बघणाऱ्या मुलखातल्या पोरीनं अशा यंत्राकडे बघणं आणि पाणी मुबलक असलेल्या शहरातल्या पोरानं बघणं, यांत फरक पडेल की नाही?

पारावर कुणीतरी म्हणेलच, इथं रस्ता नाही आणि हे चंद्रावर पैसे उडवतात. त्यांच्यासाठी हिशेब देऊन ठेवते. केंद्राच्या अंतराळ विभागाचं वर्षाचं अंदाजपत्रक अलीकडे १३ हजार कोटींच्या घरात आहे. ऐकायला मोठं वाटतं, पण केंद्राच्या एकूण खर्चातल्या शंभर रुपयांमागे ते तीस पैसेही होत नाहीत. आणि त्यात नुसता चंद्र नसतो. १९९९च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ला फायलिन त्याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं, आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. हलवणारी माणसं जमिनीवरची होती, पण वादळ कुठं आणि कधी येतंय हे आधी कळण्यात इन्सॅटसारख्या उपग्रहांचा मोठा हात होता. तुम्ही मोबाइलवर ई-पीक पाहणी करता तेव्हा तुम्ही कुठल्या गटात उभे आहात हे फोनला वरूनच कळतं. मोजणीलाही आता साखळी घेऊन कुणी फिरत नाही, रोव्हर नावाचं यंत्र आणतात, तेही उपग्रहांवरच चालतं. अवकाश तुमच्या बांधावर कधीच येऊन पोचलंय.

कधी कधी ते अक्षरशः येतं. २ एप्रिल २०२२च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूचं भलं मोठं कडं पडलं, आसपास गोळेही सापडले. चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत असा निष्कर्ष निघाला. नशिबानं कुणाला इजा झाली नाही. अशा वेळी भरपाई ज्या देशानं अग्निबाण सोडला त्यानं द्यायची, असा १९७२चा आंतरराष्ट्रीय करार आहे. पण तो करार लाडबोरीतल्या कुणाला माहीत असणार? पुढं काय होणार आहे, असं तुम्ही विचारलंत ना. वर गर्दी होणार आहे. अग्निबाणाचा खालचा टप्पा परत जमिनीवर उतरवून पुन्हा वापरता येऊ लागला तसं वर जाणं स्वस्त झालं, आणि खासगी कंपन्या हजारांनी उपग्रह सोडू लागल्या. आपल्याकडेही २०२०नंतर खासगी कंपन्यांना दार उघडलं. बारीकसारीक तपशील दिसणारी महागडी चित्रं विकत घेणारे व्यापारी, विमेवाले, सरकारं सगळे असतील. तुमच्या रानाबद्दल तुमच्याआधी दुसऱ्याला कळेल, असे दिवस लांब नाहीत. ते चांगले की वाईट हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. ती माहिती वाचता येणारे लोक कुठून आलेले असतील, यावर बरंच ठरेल असं वाटतं.

आता जागेचं. निगार शाजी हे नाव लेकीला माहीत असेल. सूर्याचा अभ्यास करायला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन बसलेल्या आदित्य-एल१ मोहिमेच्या त्या प्रकल्प संचालक. तमिळनाडूतल्या सेंगोट्टईच्या शेतकरी घरातल्या, सरकारी शाळेत शिकलेल्या. इस्रोचे माजी अध्यक्ष के. सिवन कन्याकुमारी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, शाळा तमिळ माध्यमाची. चांद्रयान-३चे प्रकल्प संचालक वीरमुथुवेल यांचे वडील रेल्वेत तंत्रज्ञ होते, आणि त्यांनी स्वतः सुरुवात पॉलिटेक्निकच्या डिप्लोमापासून केली. ही तीन नावं सांगून तुमचीही तशीच होईल, असं आमिष मी दाखवत नाही. यातल्या बहुतेकांची सुरुवात साध्या कॉलेजातून झाली आणि पुढं बरीच वर्षं कुणाला नाव माहीत नव्हतं, ते बघा. या कामात संयम लागतो. चांद्रयान-२चा लँडर सप्टेंबर २०१९ला कोसळला, त्यानंतर २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळपर्यंत जवळजवळ चार वर्षं लोक तीच चूक उलगडत बसले होते. टीव्हीवर लेकीनं बघितला तो शेवटचा अर्धा तास.

रस्ते सांगते. तिरुवनंतपुरमला इस्रोची स्वतःची संस्था आहे, आयआयएसटी. तिथं बीटेकचा प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डवर. पुण्याच्या आयसरला, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या केंद्राच्या संस्थेला, वेगळी परीक्षा लागते. या परीक्षा यंदा दिल्या नसतील तर यंदाचं ते दार बंद, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एमएचटी-सीईटी दिली असेल तर इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटरला जाता येईल. इंजिनीअर झाल्यावर इस्रोच्या भरतीची परीक्षा वेगळी असतेच. नाहीतर जवळच्या अनुदानित कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स-गणित, आणि पुढं एमएस्सीला रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) किंवा जिओइन्फर्मॅटिक्स (संगणकावर नकाशांचा हिशेब). मला विचाराल तर तिच्यासाठी मला परभणीही आवडेल. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आहे, ड्रोन आणि डिजिटल शेतीवर तिथं काम चालतं. शेत आणि यंत्र दोन्ही एका ठिकाणी, आणि घरही जवळ. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोचीच संस्था ऑनलाइन कोर्स फुकट चालवते, ते ती आत्तापासून करू शकते. नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे, एमआरसॅक म्हणतात त्याला. अशा ठिकाणी पीक, पाणी, जंगल, जमीन हेच काम असतं. अवकाशातलं काहीतरी म्हणजे नुसता अग्निबाण नव्हे, हे तिलाही एकदा नीट समजू द्या. कदाचित तिला अग्निबाणच हवा असेल. असू दे.

धाकटा कुणी आयटीआयला जायचा असेल तर त्यालाही सांगा, की इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची आवरणं बनत आली आहेत, आणि विक्रोळीला गोदरेजकडे अग्निबाणांची विकास नावाची इंजिनं बनतात. तिथं वेल्डर आणि फिटर लागतात, चांगले लागतात.

पण हे सगळं दूरचं. तुमच्या स्वतःच्या तालुक्यात काय उभं राहतंय? गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेची जागा औंढ्याजवळच आहे. केंद्रानं एप्रिल २०२३मध्ये २६०० कोटी मंजूर केले. प्रत्येकी ४ किलोमीटरचे दोन हात काटकोनात, आत निर्वात नळ्या, त्यांतून लेझर. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशात जी थरथर उठते, तिनं या हातांची लांबी अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतकी बदलते, आणि ती मोजायची. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ला पहिल्यांदा ती मोजली. ती थरथर आपल्यापर्यंत यायला सुमारे १३० कोटी वर्षं लागली होती. गोंगाटातून असली खूण हुडकायच्या गणितात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले संजीव धुरंधर यांचं काम फार आधीपासूनचं आहे. अशा यंत्राला जागा शांत लागते. मोठे कारखाने, रेल्वेचा धडधडाट, सततची रहदारी नको. तुमच्या भागात काही आलं नाही म्हणून आपण जे रडगाणं गातो, त्यामुळंच हे आलं म्हणायचं. हे यंत्र चालू झालं की पुढची कितीतरी वर्षं चालेल. त्याला शास्त्रज्ञ लागतील तसे निर्वात पंप बघणारे, इलेक्ट्रॉनिक्सवाले, संगणकवाले लागतील. नोकऱ्या स्थानिकांनाच मिळतील असं नाही, गावाची पाटी वाचून आत घेत नाहीत. पण पात्रता असलेली पोरगी औंढ्यातलीच असेल तर तिला भाड्याची खोली शोधावी लागणार नाही. आजीला हे जरूर सांगा. स्थळापेक्षा हे जवळ पडतं.

पैशाचं. एकर विकू नका. २०२४-२५पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, त्यामुळे कुणी एजंट "सीट करून देतो" म्हणत आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. बीएस्सीची फी अनुदानित कॉलेजात तशीही आवाक्यातली असते. खरा खर्च राहण्या-जेवणाचा आहे, त्यासाठी सरकारी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करा, मागाहून जागा राहत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर लागत असेल तर तो, आणि जातीचा दाखला आजच काढायला टाका. सेतूवर जूनमध्ये काय गर्दी असते ते तुम्ही बघितलंच असेल.

लेक गप्प झाली, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. मला त्याच ओळीची काळजी वाटली. तिला वाटत असेल, बापाचं नुकसान ज्यानं केलं तेच मी मागतेय. हे पत्र तिला वाचायला द्या, आणि घरी सेंटिनेलची चित्रं दाखवणारं कोपर्निकस ब्राउझर फोनवर उघडून द्या. नोंदणी फुकट आहे. तुमचा गट शोधून मागच्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंतची चित्रं ओळीनं काढायला सांगा. कुठल्या तारखेला ढग होते, कुठल्या तारखेला हिरवं दिसतंय, आणि त्या दिवशी रानात खरं काय होतं, ते तुम्ही दोघं बसून वहीत लिहा. तुम्हाला तारखा पाठ असतील. तिला हे करताना मजा आली तर ती या कामाची आहे. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं, मग दुसरं काही शिकू दे.

आणि यंदाच्या पिकाचं. गावात पीक कापणी प्रयोगाचे प्लॉट कुठल्या गटांत पडलेत आणि काढणी कुठल्या दिवशी आहे, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) आधीच विचारून ठेवा. ग्रामसमितीतल्या लोकांनी तिथं हजर राहायचं असतं, पण बरेचजण जात नाहीत आणि नंतर सही करून मोकळे होतात. तुम्ही जा, लेकीलाही न्या. वजन काट्यावर बघा, ओलावा किती धरला ते विचारा, पंचनाम्याच्या कागदाचा फोटो काढून घ्या. मंडळाचा आकडा जाहीर झाला आणि पटला नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या. सोबत ती वही, रानातले तारखेचे फोटो आणि त्या तारखांची चित्रं जोडा. अर्ज तिच्याकडून लिहून घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.

— ताई